बिळात उतरून पाहणारी मादी

१६ एप्रिल. लातूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या तोंडी परीक्षेसाठी मी टेबलावर बरण्या मांडत होते. मी परीक्षक म्हणून नांदेडहून आले होते. लातूरला लोक अजून नवा जिल्हाच म्हणत, आणि दुष्काळ काही हटत नव्हता.

एका बरणीत फिडलर खेकडा होता. नराची एक नांगी अंगाएवढी, दुसरी चिमुकली. मी एका मुलाला विचारलं, "एवढी मोठी नांगी कशाला?"

"मॅडम, मादीला हात करायला."

मागची पोरं हसली, पण उत्तर बरोबर होतं. खाडीच्या चिखलात नर बीळ खणतो, मातीचे गोळे बाहेर आणून टाकतो आणि दारात उभा राहून नांगी हलवतो. मादी नांगी पाहून जवळ येते, पण तेवढ्यावर भुलत नाही. बिळात उतरते, ओल बघते. नाही पटलं तर बाहेर येऊन पुढच्या बिळाकडे जाते. अंडी तिलाच तिथं सांभाळायची असतात.

माझा साखरपुडा नुकताच झाला होता. मुलगा लातूरचाच. घर बघायला मीही येते म्हटलं, तेव्हा मामा हसले होते. "पोरगी कधी घर बघायला जाती व्हय? लोक काय म्हणतील?" वडील नव्हते; घरात मामांचा शब्द चाले. ते एकटे जाऊन आले आणि म्हणाले, "आडात पाणी हाय. पोहरा सोडला की भरून वर. अशा दिवसांत असलं घर मिळत न्हाई." मी होकार दिला तो त्या आडासाठी. घागरी वाहत माझं शिक्षण झालं होतं.

परीक्षा दुपारी संपली. एसटीला अवकाश होता, म्हणून पत्ता विचारत त्या घरी गेले. होणाऱ्या सासूबाई गडबडल्या. पाय धुवायला त्यांनी ड्रममधून तांब्याभर पाणी काढून दिलं, तेही जपून. मी उठून आडाशी गेले आणि पोहरा सोडला. दोर संपत आला, मग खाली दगडावर टण्ण आवाज झाला.

"बाई, तिथं कुठलं पाणी?" सासूबाई म्हणाल्या. "त्या दिवशी टँकर रिकामा केलता."

"कुणी?"

"आता बगा! तुमच्या मामांनीच आणलता. पाइप बी तेच धरून हुबे होते. आमाला वाटलं, तुमाला ठाव हाय."

शेजाऱ्यांना दाखवायला, असं मामांनी त्यांना सांगितलं होतं. खरं तर मी हट्टानं सोबत आलेच, तर मला दाखवायचं होतं. पण मला तिथं नेलंच नाही.

नांदेडला पोचले तेव्हा मामा जेवायला बसले होते. मी सगळं विचारलं. त्यांनी नाकारलं नाही.

"पाणी काय, पावसाळ्यात येतंयच. स्थळ परत येत न्हाई. तुझं वय बघ की."

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं अस्तं तर तू हो म्हणली अस्तीस का?"

आई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. तेव्हा कळलं की तिलाही माहीत होतं.

पुढं कधीतरी वाचलं, की नराची मोठी नांगी तुटली तर नवी फुटते. दिसायला तेवढीच, पण हलकी आणि कमजोर. मादीला लांबून फरक कळत नाही. त्यात खेकड्याची लबाडी नसते, त्याला तशीच फुटते. मामांना मात्र टँकर ठरवावा लागला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं मी परत लातूरला गेले आणि साखरपुड्याची साडी नि अंगठी सासूबाईंच्या हातात दिली.

"पाण्यापायी मोडता व्हय, बाई?"

"नाही. मामांपायी."

त्या चहा घ्या म्हणाल्या. ड्रममध्ये तळाशीच पाणी उरलं होतं. मी नको म्हटलं आणि स्टँडकडे निघाले.