दार तपासल्याची सही

हे लिहायचं मी आजवर टाळलं. आता वय झालं, म्हणून घाई करतो आहे.

मी विमानतळावर इमारत तपासनीस होतो. सिव्हिलची पदविका, साइटवरचा अनुभव आणि अग्निसुरक्षेची परीक्षा, एवढ्यावर ती जागा मिळाली. आपत्कालीन दार तपासनिसानं स्वतः ढकलून पाहायचं, हा नियम. पण दार उघडलं की भोंगा वाजे, म्हणून सुरक्षा विभागाची परवानगी आधी घ्यावी लागे. एके दिवशी भांडाराच्या दारासाठी ती आली नव्हती. मी मागचा अहवाल पाहून ‘उघडते’ असं लिहून सही केली.

आठवड्याभरात त्याच भांडारात धूर झाला. नव्या फरशीला अडकून दार हललंच नाही. सफाई करणाऱ्या बाई आत कोंडल्या. वाचल्या, पण छाती कायमची अधू झाली. चौकशीआधी कुणीतरी फरशी घासून दार मोकळं केलं. मला ते कळलं होतं.

“साहेब, दोन्ही हातांनी ढकललं हो! तुम्हीच सांगा ना यांना,” त्या चौकशीत मला म्हणाल्या.

“अहवालात उघडतं असं आहे,” मी म्हणालो. निष्काळजी ठरवून त्यांना कामावरून काढलं.

निवृत्तीनंतर एकदा दिवा स्टेशनजवळच्या त्यांच्या घरी गेलो. धापा टाकत त्यांनी खुर्ची पुसली. “आमचं दार बरं उघडलं तुम्हाला!” म्हणाल्या. मी “सहज आलो” म्हणून चहा पिऊन निघालो. गेल्या महिन्यात पुन्हा गेलो, तेव्हा सुनेनं त्यांचा हार घातलेला फोटो दाखवला.

बाई, तुम्ही दार नीटच ढकललं होतंत. मी ते ढकललंच नव्हतं. मला माफ करा, एवढंच म्हणायचं होतं.