नेस्तोरचा चंबू

एका जागी बसणं रोवेना मगबानुआच्या नशिबातच नव्हतं. घरचे तिला वेंग म्हणायचे. आईबाप फिलिपिन्सचे, पण ही जन्मली कॅलिफोर्नियात, व्हॅलेहो गावात. बापानं, नेस्तोरनं, लहानपणीच हातात रॅकेट दिली आणि तेव्हापासून पायाला भिंगरी. आज तुल्सा, उद्या टोरांटो. स्वस्तातलं मोटेल, आईनं तळून बांधून दिलेले लुंपियाचे रोल, आणि दुसऱ्या फेरीपर्यंत गाशा गुंडाळायचा. अंथरुणावर पडली तरी पाय हलतच असायचे.

नेस्तोर अमेरिकी नौदलात आचारी. टेनिस शिकला तो तळावरच्या कोर्टाबाहेर उभा राहून. पण महाबेरकी माणूस! सामना चालू असताना बाहेरून सल्ला द्यायचा नाही, असा तेव्हा नियम. हा ना हात हलवायचा, ना शब्द बोलायचा. नुसता ओठांचा चंबू करायचा. चंबू उजवीकडे, तर सर्व्हिस उजवीकडे. आपल्या फिलिपिनो घरांत मीठ कुठंय, चपला कुठंयत, सगळं ओठांनीच तर दाखवतात! गोऱ्या पंचांना वाटायचं, म्हाताऱ्याच्या दातात काहीतरी अडकलंय. वर्षानुवर्षं खपून गेलं. वेंग स्वतः मात्र चंबू करायची नाही. शाळेत पोरं हसायची, म्हणून लहानपणीच सोडलं.

मग मनिलाची स्पर्धा आली. तिशी उलटलेली, गुडघा कुरकुरणारा. "इथं पहिल्याच फेरीत हरले तर खेळ बंद. नर्सिंगला जाते," तिनं आईला सांगून टाकलं. आई खूश. पण आपल्या माणसांसमोर एकदा, एकदाच जिंकायचं होतं वेंगला. आणि आपली माणसं तिला म्हणत होती काय? 'अमेरिकावाली!'

शेवटचा सेट. एवढा गेम जिंकला की सामना खिशात, आणि सर्व्हिस वेंगची. सवयीनं तिनं बापाकडे पाहिलं. चंबू उजवीकडे.

आणि अख्खं स्टेडियम खो-खो हसत सुटलं! अहो, हे मनिला! इथं चंबू शेंबडं पोरही वाचतं. वरून एक बाई ओरडली, "काका, उजवीकडे कशाला? तिकडं तर समोरची टपूनच बसलीये!"

खुर्चीतला पंचही इथलाच. हसू दाबत त्यानं वेंगला ताकीद दिली. "पुन्हा दिसलं तर गुण कापीन. आणि काका, माझी आजीही अस्संच दाखवते हो. मला नका शिकवू."

नेस्तोर कानापर्यंत लाल झाला. उठला आणि कोर्टाकडे पाठ करून बसला.

वेंग बिथरली. पाठीत काय वाचायचं? चेंडू आपटत राहिली, पहिले दोन गुण हकनाक घालवले. मग तिला राग आला. बापाचा आला, स्वतःचा त्याहून जास्त. एवढी वर्षं मी काय नुसता त्याचा हात होते? गेलं खड्ड्यात! मनाला येईल तिथं ती मारत सुटली. बरोबरी झाली, मग पुढे गेली. शेवटची सर्व्हिस तिनं थेट मधल्या रेषेवर ठोकली. तिथं नेस्तोरनं तिला कधी म्हणजे कधी मारू दिलं नव्हतं. समोरची जागची हलली नाही.

"आमची गं आमची!" मघाचीच बाई किंचाळली.

पुढच्या फेरीत वेंग हरली, नर्सही झाली, पण ते नंतरचं. त्या घटकेला नेस्तोर वळला तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

"कुठं मारलीस गं?"

वेंगनं ओठांचा चंबू केला आणि मधल्या रेषेकडे वळवला.