केशवरावांची सातशे ग्रॅमची पिशवी

केशवराव खंदारे पहिल्यांदा आमच्या बहारीनमधल्या, उम्म अल हस्समच्या फ्लॅटवर आले ते माझं शिलाई मशीन दुरुस्त करायला. शहाण्णव सालची गोष्ट. सित्र्याला एका कंपनीच्या वर्कशॉपमध्ये ते गेज आणि मीटर दुरुस्त करायचे. शुक्रवारी सुट्टी असली की ओळखीच्या मराठी घरांतून फिरून कुणाचा मिक्सर, कुणाचं भिंतीवरचं घड्याळ बघून द्यायचे. बदल्यात मागायचे फक्त ज्वारीची भाकरी, कारण कामगारांच्या कॅम्पच्या मेसमध्ये ती मिळायची नाही. आता मी पडले पुण्याची, माझी भाकरी म्हणजे जगाचा नकाशा. पण त्यांनी कधी नाव ठेवलं नाही. नकाशा तर नकाशा, दोन खायचे.

वर्तमानपत्रावर मशीनचा एकेक भाग काढून त्यांनी असा ओळीने मांडला की माझे यजमान, सदानंद, पेपर वाचायचा सोडून बघत बसले. "कुठं शिकलात हो हे?"

"फौजेत. आर्मोरर होतो सतरा वर्षं. बंदुका खोलायच्या, साफ करायच्या, जोडायच्या. तुमचं मशीन त्यापेक्षा सोपं हाय बगा."

बंदुका म्हटल्याबरोबर ह्यांचे कान टवकारले. त्याला कारण होतं. पुढच्या जूनमध्ये मी आणि आमचा गौरव पुण्याला कायमचे परत जाणार होतो. गौरवची आठवी तिकडे सुरू व्हायची होती, आणि सासूबाई गेल्यापासून पाषाणची बंगली रिकामी पडली होती. सदानंद इथे बँकेत अजून चार वर्षं राहणार. म्हणजे त्या बंगलीत मी आणि तेरा वर्षांचा मुलगा, दोघंच. आणि नेमकं महिन्याभरापूर्वी शेजारच्या बंगल्यात चोर शिरून त्यांनी सत्तरीच्या जोशीकाकूंना खुर्चीला बांधून घातलं. काकूंच्या मनगटावरचे वळ पंधरा दिवस गेले नाहीत, असं जावेनं फोनवर सांगितलं. मी त्या दिवसापासून नीट झोपले नव्हते. ते मी कुणाला बोलून दाखवलं नाही. तोंडाने मात्र म्हणाले, मला रिव्हॉल्व्हर पाहिजे. लायसन्स माझ्या नावावर, आणि ते राहील माझ्या पर्समध्ये. माझा स्वभाव असा तापट, एकदा म्हटलं की म्हटलं.

सदानंदनी आधी हसण्यावारी नेलं, मग दोन दिवस अबोला धरला आणि मग, अकाउंटंटच ते, माहितीपत्रकं जमवायला लागले. पिस्तूल की रिव्हॉल्व्हर, बत्तीस बोअर की पंचवीस. सगळं टेबलावर पसरलं होतं, आणि आता समोर चक्क जाणकार माणूस बसलेला.

केशवरावांनी ती माहितीपत्रकं हातात घेतलीसुद्धा नाहीत. मला विचारलं, "ताई, तुमी रोज काय नेसता? साडी का ड्रेस?"

"ड्रेस. सणावाराला साडी. का हो?"

"हत्यार कागदावर पसंत करायचं नसतं. ते कुठं ठेवणार, ते आधी. साडीत कमरेला लावता येत नाही, ड्रेसमध्ये दिसतं. म्हंजे पर्स. मंग पर्समध्ये त्याचा कप्पा निराळा पाहिजे, त्यात रुमाल नको, किल्ली नको, पावडर नको. आन पिस्तूल नको तुमाला. त्याची सरकपट्टी मागं ओढायला मनगटात जोर लागतो, आन घाईत माणूस विसरतो. रिव्हॉल्व्हरला विसरायला काही नसतं. कानपूरच्या कारखान्याची बत्तीस बोअर घ्या. सातशे ग्रॅम."

"झालं तर मग," मी म्हणाले.

"नाही झालं. ते मी पुढच्या शुक्रवारी सांगतो."

पुढच्या शुक्रवारी ते आले ते एक खाकी कापडाची पिशवी घेऊन. जेमतेम हाताच्या पंज्याएवढी, तोंड शिवून बंद केलेली. आत वर्कशॉपमधले मोडके नटबोल्ट. तागडीवर तोलून बरोबर सातशे ग्रॅम भरले होते म्हणाले. ही महिनाभर पर्सच्या कप्प्यात वागवायची. जिथे मी, तिथे पर्स.

"स्वयंपाकघरात?"

"हाव."

"बाथरूमला?"

"बाथरूमला पण. चोर काय आधी फोन करून येतो?"

आणि मुख्य म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करायची. पर्स कुठे विसरले तर फुली. आणि कुणाला बघून हात आपोआप पर्सकडे गेला, तर त्या माणसाचं नाव. खोटं लिहायचं नाही. महिन्यानंतर ते कॅलेंडर बघतील आणि मग कोणती घ्यायची ते बोलू. फौजेतून सुटल्यावर स्वतःचं लायसन्स मिळायच्या आधी त्यांनीही हेच केलं होतं.

"तुमच्याकडे आहे?" सदानंदनी विचारलं.

होतं. परभणी जिल्ह्यातल्या त्यांच्या गावात एका वर्षी बौद्ध वस्तीतली अकरा घरं जाळली. केशवराव तेव्हा नुकतेच पेन्शनीत आले होते. त्यांचं घर वाचलं, भावाचं गेलं. त्यानंतर त्यांनी अर्ज केला, दोन वर्षं खेटे घातले, आणि हत्यार आणलं. इकडे बहारीनला आल्यापासून ते पोलीस ठाण्यात जमा होतं. रजेवर गेले की ठाण्यात जाऊन त्याला तेलपाणी करून यायचे.

"कधी वापरलंत?"

"नाही."

"मग उपयोग काय झाला?" हे आमच्या ह्यांचं अकाउंटंटचं डोकं.

केशवरावांनी भाकरीचा तुकडा मोडला. "पुष्पलता, माझी बायको, विहिरीवर पाणी भरायला जायची, तवा मी ते कमरेला लावून तिच्या संगं चालायचो. चार वर्षं. माझ्या महिन्यात हात गेला त्या कागदावर तीनच नावं होती. सारखी तीच तीन. त्यांच्या हातात रॉकेलचे डबे मी डोळ्यांनी बघितले होते. बायको रोज पाणी घेऊन घरी आली. हाच उपयोग."

सदानंदनी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. मला तर त्या माणसासमोर आपली भीती फारच किरकोळ वाटायला लागली. पण भीती ती भीतीच, ती काय दुसऱ्याची मोठी आहे म्हणून कमी होते?

पहिले चार दिवस मी ऐटीत होते. खरंच सांगते, पर्स खांद्याला लावली की पाठ ताठ व्हायची. लिफ्टमध्ये कुणी शिरलं तरी मी मागे सरकत नव्हते. एरवी मला कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरपर्यंत, म्हणजे तिथल्या किराणा दुकानापर्यंत, एकटीनं जायचं जिवावर यायचं, ती मी पलीकडच्या माहूज वस्तीपर्यंत चालत जाऊन आले. तयार असणं म्हणतात ते हेच, असं वाटलं. खोलीचं दार लावून आरशासमोर पिशवी झटकन बाहेर काढायची तालीमसुद्धा करायचे मी. हे केशवरावांनी सांगितलेलं नव्हतं. उलट पिशवी कप्प्यातून काढायची नाही अशी त्यांची सक्त ताकीद होती. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशातली मी.

सातव्या दिवशी पहिली फुली पडली. वरच्या मजल्यावरच्या रशीदाआपांकडे चहाला गेले आणि पर्स तिथेच विसरून आले. परत गेले तर त्यांची दोन वर्षांची नात पर्सची चेन उघडून पिशवी जमिनीवर आपटत बसलेली. "आपके पर्स में तो पत्थर है, स्मिता," रशीदाआपा हसत होत्या. मी पण हसले, पण घरी आल्याआल्या कॅलेंडरवरची फुली दोनदा गिरवली.

नावांचं म्हणाल तर ती भराभर वाढत गेली. गॅसचा सिलिंडर आणणारा. इमारतीचा वॉचमन, पाण्याची टाकी धुणार म्हणून सांगायला आलेला. कोल्ड स्टोअरचा मलबारी, मी विसरलेली कोथिंबीर घेऊन मागून धावत आला तेव्हा. लिफ्टचं दार माझ्यासाठी धरून उभे राहिलेले दोन बहारिनी तरुण. पाठीमागून खांद्यावर हात ठेवणाऱ्या रशीदाआपा. तिसऱ्या शुक्रवारी जिन्यात अंधारातून वर येणारे खुद्द केशवराव. त्यांचं नाव लिहिताना मला हसू फुटलं होतं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते काय खोटं नाही. पण मजा म्हणजे, आधी मी या माणसांना घाबरत नव्हते. पिशवी आल्यापासून घाबरायला लागले.

सव्विसावा दिवस मंगळवार होता. सकाळचे अकरा वाजले असतील. सदानंद बँकेत, गौरवची शाळा दीड वाजता सुटणार. मी आतल्या खोलीत इस्त्री करत होते. बाहेरच्या दारात किल्ली फिरल्याचा आवाज आला.

इस्त्री मी कधी उभी केली, मला आठवत नाही. पर्स खुर्चीवर होती. हात कप्प्यात गेला, पिशवी बाहेर आली, आणि मी बोळात येऊन दोन्ही हात सरळ पुढे करून उभी राहिले, आरशासमोर केलं होतं अगदी तसंच.

दारात गौरव होता. शाळेत वीज गेली म्हणून मुलांना लवकर सोडलं होतं. एका हातात किल्ली, गळ्यात पाण्याची बाटली.

"मम्मी, इट्स मी," तो म्हणाला.

इतर वेळी हा मुलगा माझी टिंगल करायची एक संधी सोडत नाही. त्या दिवशी तो हसला नाही. माझ्या हातातल्या पिशवीकडे त्याने बघितलंच नाही. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मी हात खाली घेतले तेव्हा माझ्या लक्षात आलं, माझं उजव्या हाताचं बोट वाकलेलं होतं. खाकी कापड दबून आत गेलेलं होतं.

मी त्याला जवळ घेतलं, काहीबाही सांगितलं, नाटकाची प्रॅक्टिस करत होते म्हणून. त्याने "ओके" म्हटलं आणि खोलीत गेला. कॅलेंडरवर त्याचं नाव लिहायला मला संध्याकाळ झाली. सदानंद घरी आले आणि त्यांनीच आधी ते वाचलं. ते नुसते माझ्याजवळ येऊन उभे राहिले. तेव्हा मी रडले.

शुक्रवारी केशवरावांनी चष्मा लावून कॅलेंडर वरपासून खालपर्यंत वाचलं. अकरा नावं, तीन फुल्या. शेवटच्या नावावर थांबले.

"पिशवी बाहेर काढली होती?"

"हो."

"बोट?"

"वाकलं होतं."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मला वाटलं, आता उपदेश करतील. केला नाही. म्हणाले, "आता सांगा, कोणती आणायची. तुमी म्हणाल ती मी निवडून देतो. कप्पा कसा शिवायचा ते पण सांगतो."

"कुठलीच नको," मी म्हणाले. "पण मग मी तिथे एकटी काय करू? ते चोर काही खोटे नाहीत, केशवराव. जोशीकाकूंना खरंच बांधलं होतं."

"खोटे नाहीतच," ते म्हणाले. आणि बंगलीला दारं किती, खिडक्या किती, गज कुठल्या जाडीचे, हे सगळं विचारून वहीत उतरवून घेतलं. पंधरा दिवसांनी त्यांनी वर्कशॉपमध्ये बनवलेले दोन आडणे आणले, दाराला आतून आडवे घालायचे, पोलादी, माझ्या मनगटाएवढे जाड. परतीच्या विमानात माझ्या सामानाचं निम्मं वजन त्या आडण्यांचंच होतं. ते आडणे आजही माझ्या दारांना आहेत. जोशीकाकूंच्या खोलीत आणि माझ्या खोलीत दोरीने जोडलेली एकेक घंटा बांधून घेतली, दोन्हीकडून ओढता येणारी, तीही त्यांचीच कल्पना.

निघताना मी पिशवी टाकून देणार होते. त्यांनी ती मागून घेतली. त्यांचंही कॉन्ट्रॅक्ट संपत होतं, नऊ वर्षांनी ते कायमचे गावी जाणार होते.

"तुम्हाला कशाला? तुमचं तर खरं आहे की ठाण्यात," मी म्हणाले.

"म्हणूनच. आधी महिनाभर ही वागवीन. नऊ वर्षं झाली ताई, ती तीन तोंडं आता मला ओळखू येतात का, आन दुसरीच कोणती वाढली का, बघायला नको?"

सत्त्याण्णवच्या दिवाळीत त्यांचं पत्र आलं, पाषाणच्या पत्त्यावर. पुष्पलताबाई सरपंच झाल्याचं आधीच्या पत्रात कळवलं होतं. या पत्रात महिन्याचा हिशोब होता. हात एकदाच गेला. त्या तिघांतला मधला अंगणात आला, तेव्हा. तो मुलीच्या रहिवासी दाखल्यावर सरपंचबाईंची सही घ्यायला आला होता. पुष्पलताबाईंनी त्याला उभ्याउभ्या नाही, ओसरीवर बसवून सही दिली. तो मान खाली घालून गेला. "हत्यार ठाण्यातून आणलेलं नाही," केशवरावांनी लिहिलं होतं. "लायसन्स मात्र रिन्यू केलं. त्याच्या मनात काय आहे ते अजून कळलेलं नाही. माझ्या मनात काय आहे ते एका नावावरून कळलं."

मी ते पत्र दोनदा वाचलं आणि त्या कॅलेंडरच्या पानाबरोबर कपाटात ठेवलं.

गौरव आता कॉलेजात जातो. त्या मंगळवारबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही, आणि मला वाटायचं तो विसरला असेल. पण बंगलीची किल्ली त्याच्या खिशात असते, दिवसा आडणाही काढलेला असतो, आणि तरी तो दारात उभा राहून आधी बेल वाजवतो, मग "मम्मी, मी आहे" असं मोठ्याने, मराठीत म्हणतो, आणि मी ओ दिल्याशिवाय किल्ली लावत नाही.