वेटिंगवरची लेक

माझी लेक मैत्री तेव्हा पाच महिन्यांची. तिला खांद्यावर घेऊन मी पाळणाघरात गेले होते. पांढरकवड्यातल्या चांगल्या वस्तीतलं घर. फरशी लख्ख, आत ओळीनं पाळणे, भिंतीवर ससे नि हत्ती रंगवलेले. चालवणाऱ्या बाईला सगळे मॅडम म्हणत. मॅडम गोड बोलत होत्या. टोपलीतला एक खुळखुळा काढून त्यांनी स्वतःच मैत्रीच्या हातात दिला. मैत्रीनं तो सरळ तोंडात घातला.

मग मॅडमनी वही उघडली.

"पूर्ण नाव सांगा."

मी सांगितलं. पेन आडनावाशी थांबला.

"राहता कुठं?"

"विहाराच्या मागं."

मॅडम उठल्या. टेबलावरचा कागदी रुमाल घेतला. तो रुमाल धरून, दोन बोटांनी, त्यांनी खुळखुळा मैत्रीच्या तोंडातून ओढून काढला. लाळेची तार लांबली आणि तुटली. मला वाटलं, धुवायला नेतील. त्यांनी तो कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. वरून रुमालही टाकला. हात धुऊन परत येऊन बसल्या.

"सध्या वेटिंग आहे. नंबर लागला की फोन करू."

मैत्री रडत होती. मी "बरं मॅडम" म्हणाले. वर थँक्यू म्हणाले. त्या डब्यापेक्षा हे थँक्यूच मला जास्त जाळतं.

थँक्यू म्हणण्याला कारण होतं. रक्त तपासायच्या एका खाजगी लॅबमधे मी काम करायचे. रक्त काढायचं, नळ्यांवर नावं चिकटवायची, मशीनला लावायचं. नवरा ट्रकवर, हैदराबादच्या रस्त्यानं गेला की आठ-आठ दिवस घरी नाही. सासूचं अर्धं अंग गेलेलं. माझी आई तिकडं महागावला, रोज दुसऱ्याच्या वावरात. लेकरू ठेवायचं कोणाजवळ?

गावात आणखी एक पाळणाघर होतं. तिथं वर्षाच्या आतलं लेकरू घेत नव्हते. एक बाई घरीच लेकरं सांभाळायची. तिच्याकडं दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा सगळी लेकरं झोपलेली. भर सकाळी. एकही कुशीवर वळत नव्हतं. फळीवर सर्दीच्या औषधाच्या बाटल्या होत्या, अर्ध्या रिकाम्या. लॅबमधे काम करणाऱ्या बाईला एवढं तर कळतंच. मी मैत्रीला उचललं आणि निघाले.

म्हणून मॅडमचंच पाळणाघर. म्हणून वेटिंग.

दर सोमवारी फोन करायचे. "अजून नाही." मैत्रीला मी लॅबवर न्यायला लागले. नळ्या यायच्या त्या खोक्यात गोधडी घालून तिला टेबलाखाली ठेवायचे. लॅबचे डॉक्टर आधी काही बोलले नाहीत, मग रोज बोलायला लागले. मैत्री सात महिन्यांची झाली, खोक्याच्या काठाला धरून बसायला लागली. एक दिवस मी वाकून पाहते तर हिच्या मुठीत रक्तानं भिजलेला कापूस. कोणाच्या तरी हातावरचा, खाली पडलेला. ती तो तोंडाकडं नेत होती.

मी तो हिसकला आणि तिला मारलं. सात महिन्यांच्या लेकराला. गालावर माझी बोटं उमटली. ती आधी श्वास घेईना, मग किंचाळली. समोर रक्त द्यायला आलेली माणसं बघत होती. ज्यांना मारायला पाहिजे होतं त्यांना थँक्यू म्हणून आले होते. मारलं कोणाला?

त्याच आठवड्यात एक बाई रक्त द्यायला आली. मी सुई लावत होते नि ती गप्पा करत होती. तिची मुलगी सहा महिन्यांची, तीही मॅडमच्या पाळणाघरात. किती दिवस थांबावं लागलं, म्हणून मी विचारलं.

"थांबायला कशाला लागतं?" ती म्हणाली. "परवा नाव दिलं, काल सोडून आले."

सुई तिच्या शिरेत होती. नळी भरली, कापूस लावला, नाव लिहिलं. मग आत जाऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते जातीचं ऐकायला तयार नव्हते, "तुमचा गैरसमज असेल" म्हणाले. पण लॅबमधे लहान लेकरांच्या शिरा फक्त मलाच सापडायच्या, म्हणून त्यांनी मॅडमना फोन केला. दुसऱ्या दिवशी मैत्रीचा नंबर लागला.

पंधरा दिवस ती तिथं गेली. मी दारातून आत जायचं नाही, असा नियम होता. आया बाहेर येऊन घेऊन जायची. पार्वताबाई तिचं नाव, झरीकडची कोलाम आदिवासी बाई, फार कमी बोलणारी. संध्याकाळी मैत्री यायची ती आंबूस वासाची, दूध पाहिलं की हावरटासारखी तुटून पडणारी. कंबरेखाली सगळं सोललेलं. आणि उजव्या घोट्याला लाल कडं. मी पार्वताबाईला विचारलं. तिनं मान खाली घातली.

"मोज्याचं असन," ती म्हणाली.

मी मोजे कधी घातलेच नव्हते.

तीन दिवसांनी मैत्रीला हातात देताना ती हळूच म्हणाली, "बाई, एक डाव दुपारी येऊन पाह्य. मागच्या दारानं ये. मले इचारू नको काहून."

दुसऱ्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत गेले. मागं भांडी घासायची मोरी होती. तिच्या बाजूला सिमेंटची पोती पसरलेली. त्या पोत्यावर माझी लेक. परकराच्या नाडीनं पाय बांधलेला, नाडीचं दुसरं टोक नळाच्या पाइपाला. बुडाखालचं वाळून कातडीला चिकटलेलं. डोक्यावर ऊन. ओठाच्या कोपऱ्यात मुंग्या. ती रडत नव्हती. रडून काही होत नाही हे आठ महिन्यांच्या लेकराला समजलं होतं. ती नुसती माझ्याकडं बघत होती.

गाठ सुटेना. मी ती दातांनी तोडली.

चाहूल लागून मॅडम बाहेर आल्या. मी विचारलं, "काहून बांधलं इले?"

त्या ओशाळल्या नाहीत. शांतपणे समजावून सांगायला लागल्या. ती रांगत मोरीत जाईल म्हणून बांधलं. आत ठेवायला इतर पालकांची हरकत. पाळणे सगळ्यांचे, चादरी सगळ्यांच्या.

"डॉक्टरांच्या शब्दाखातर तुम्हाला जागा दिली," त्या म्हणाल्या. "त्यात समाधान माना."

मी मैत्रीला काखेत घेऊन सरळ घरात घुसले. पाळणे हलत होते, त्यांत एकेक लेकरू. दोन रिकामे होते. दोन रिकामे. मी आजूबाजूच्या घरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडले. मॅडमचे यजमान आतून आले. त्यांनी एक शब्द विचारला नाही. माझी वेणी मनगटाला गुंडाळली आणि मला दाराकडं ओढलं. माझं डोकं चौकटीवर आपटलं. लेकरू काखेत आहे हेही त्यांनी पाहिलं नाही. कपाळावरचं रक्त मैत्रीच्या डोक्यावर गळत होतं.

"यांना घरात घेतलं की डोक्यावर बसतात," ते मॅडमला म्हणाले. मला नाही. मॅडमला.

पार्वताबाई धावत आली आणि माझ्या काखेतली मैत्री तिनं घेतली. माझे दोन्ही हात मोकळे झाले. भिंतीला एका मोडक्या पाळण्याचा लोखंडी दांडा टेकवलेला होता.

पहिला फटका त्यांच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. वेणी सुटली. तिथं मला थांबता आलं असतं. मी थांबले नाही. दुसरा खांद्यावर मारला. तिसरा मॅडमच्या ऑफिसच्या काचेवर. काच खाली आली तेव्हा सगळी लेकरं एकदम रडायला लागली आणि मी दांडा टाकला. त्यांच्यासाठी टाकला. त्या माणसासाठी नाही.

मॅडम पोलिसांना फोन करायला बाहेर पळाल्या. यजमान मनगट धरून खाली बसले होते. ऑफिसातल्या टेबलावर ती नावांची वही होती. मी उभ्या उभ्या पानं उलटली. माझं नाव सापडलं. पुढं पेन्सिलीनं एक लहानसा गोल. तसेच गोल आणखी चार नावांपुढं. आडनावं वाचली आणि सगळं समजलं. दोन आमच्यातलीच, एक पारधी, एक कोलाम. माझ्यानंतर लिहिलेल्या कितीतरी नावांपुढं 'प्रवेश दिला' होतं. गोलांपुढं काहीच नव्हतं. वेटिंग नव्हतंच. ती माणसांना दाराबाहेर ठेवायची गोड रीत होती.

पार्वताबाई माझ्या मागून वाकून पाहत होती. तिला वाचता येत नव्हतं. तिच्या पोडावरच्या, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरच्या, पोरीचं आडनाव मी वाचून दाखवलं. तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "चाल. मीबी येतो ठाण्यात. मले दिसलं थे मी सांगतो."

तिनं सांगितलं. अंगठा दिला. दुसऱ्याच दिवशी तिचं काम गेलं. माझंही गेलं. वही पोलिसांनी जप्त केली. माझी तक्रार लिहिली गेली, त्यांचीही. त्यांच्या तक्रारीत मी मारहाण करणारी आरोपी आहे. ते खोटं नाही.

नवऱ्याचा फोन आला. कायले हात उचलला, आता कोर्टाच्या चकरा कोण मारन, म्हणून चिडला. मी त्याला नाडीचं सांगितलं. मुंग्यांचं सांगितलं. पलीकडं त्यानं ट्रक बाजूला घेतल्याचं ऐकू आलं.

महिन्याभरानं डॉक्टरांनी मला लॅबवर बोलावलं. मॅडम आणि यजमान आधीच बसलेले. यजमानांचा हात प्लास्टरमधे. टेबलावर टाइप केलेला समझोता. दोघांनी आपापली तक्रार मागं घ्यायची. माझी नोकरी परत. मैत्रीला पाळणाघरात जागा, आतल्या खोलीत, स्वतंत्र पाळणा.

"दोन्हीकडून चूक झाली," डॉक्टर म्हणाले. "मिटवून टाका."

मी कागद पूर्ण वाचला. त्यात बांधल्याचं कुठं नव्हतं. गोलाचं कुठं नव्हतं. 'गैरसमजातून झालेला वाद' असं होतं.

"मी मारलं," मी म्हणाले. "थे मी मागं घेत नाही. यायनं बांधलं, थेही मागं घेऊ देत नाही."

मॅडम रडायला लागल्या. मला त्यांच्या रडण्याचं काही वाटलं नाही.

आता मी दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचते. मैत्रीला पाठीशी बांधते. पाठीला घामोळं, तिलाही, मलाही. वहीतल्या त्या चारही लेकरांच्या आयांची घरं मी शोधून काढली. एकीनं दार लावून घेतलं, तिला भानगड नको होती. तिघी साक्षीला येतो म्हणाल्या. पार्वताबाई प्रत्येक तारखेला झरीहून येते.

कोर्टात मला विचारतील, मारलं का. मी हो म्हणणार. मग का मारलं ते सांगणार, आणि कोणी मधे थांबवलं तर पुन्हा पहिल्यापासून सांगणार. शिक्षा झाली तर भोगीन. त्या कागदावर सही करणार नाही.