बेहड्याच्या ढोलीतली चोच

नव्वदीच्या दशकाच्या शेवटाला माझी बदली मलकापूरच्या पुढं, जंगलालगतच्या एका लहान शाळेत झाली. मी कोल्हापूर शहरात वाढलेली. पक्षी म्हणजे रंकाळ्यावरचे बगळे, एवढंच माझं ज्ञान. चौथीला चोचींचा पाठ शिकवायचा म्हणून आदल्या आठवड्यात बरंच वाचून काढलं आणि घरातून चिमटा, गाळणी, दाभण, अडकित्ता असं सगळं पिशवीत भरून नेलं.

परातीत पाणी घेऊन त्यात मुरमुरे सोडले, शेजारी सुपाऱ्या ठेवल्या. मुलं चिमट्यानं सुपारी फोडायला बघत होती आणि दाभणानं मुरमुरे टोचत होती. खेळता खेळता त्यांचं त्यांनाच कळलं, बदकाची चोच गाळणीसारखी आणि पोपटाची अडकित्त्यासारखी. मग मी धनेशाचं चित्र दाखवलं.

"हा पक्षी आता कमी होत चाललाय," मी सांगितलं. "जुन्या, मोठ्या झाडाच्या ढोलीतच तो घर करतो. मादी आत बसून दार लिंपून घेते, नुसती फट ठेवते. नर बाहेरून फळं आणतो आणि त्या फटीतून भरवतो. इतकी लांब चोच तिथं कामाला येते."

मागच्या रांगेतली एक मुलगी उठून उभी राहिली. "बाई, ह्यो आमच्या बेहड्यावर हाय की. पर आण्णा गुरुवारी झाड पाडणार हाईत."

संध्याकाळी तिच्याबरोबर शेतावर गेले. बांधावर प्रचंड बेहडा होता. वर ढोलीचं तोंड मातीनं बुजवल्यासारखं दिसत होतं आणि मधे काळी चीर. तिचे वडील गवत कापत होते. गावात त्यांच्या आवाजाला सगळे बिचकत. मी चाचरतच विषय काढला.

"सावलीत भात धरत न्हाय, बाई," ते म्हणाले. "पाखराला जंगल थोडं हाय व्हय?"

"ढोलीचं झाड सापडत नाही त्यांना. शिवाय मादीनं पिसं झाडलेली असतात. झाड पडलं तर तिला उडताही येणार नाही."

ते काही बोलायच्या आत पंखांचा घरघर आवाज झाला. नर येऊन बुंध्याला बिलगला. घशातून एकेक फळ काढून त्यानं चिरेशी धरलं. आतून चोचीचं टोक पुढं आलं, फळ घेऊन मागं गेलं. तिच्या वडिलांनी विळा खाली ठेवला आणि नर उडून जाईपर्यंत बघत राहिले. मग "बघू," एवढंच म्हणून घराकडं गेले.

त्या "बघू"नं माझी झोप उडवली. गुरुवारी सकाळी वर्गात पाढे चालले होते आणि शेताकडून कुऱ्हाडीचा आवाज आला. ती मुलगी रडायलाच लागली. वर्ग दुसऱ्या गुरुजींवर सोपवून मी तिला घेऊन पळत सुटले.

बेहडा उभा होता. तिचे आण्णा बाभळीच्या फांद्या तोडून बुंध्याभोवती काट्यांचं कुंपण घालत होते.

"झाड नाही तोडलंत?" मला धाप लागली होती.

"तोडून काय करू? तुमची पोरं रोज हितं येऊन दंगा करत्यात. एक तर काल वर चढत हुतं. पाखरू बिचकंल का न्हाय?" ते माझ्यावरच डाफरले. "शिकिवता, तर हे बी शिकवा की."

मी बांधावरच बसले. हसू येत होतं. मुलगी काटे ओढायला बापाच्या मदतीला गेलीसुद्धा. परत येऊन मी वर्गाला सगळ्यात आधी बजावलं, ढोली लांबूनच बघायची.

मे महिन्यात मी कोल्हापूरला होते. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तिचे आण्णा स्वतः शाळेच्या फाटकाशी आले. "गेली सगळी सुखरूप. मायलेकरं दोन दिस फांदीवर बसलीवती, मग उडाली."

"आता झाडाचं काय?"

"ऱ्हाऊ दे. भात सावलीतनं पल्याड सरकवलाय."