उलटा टाका

वैशाखरे गावची रंजिता मुरबाडला पंपाच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करायच्या दुकानात तारेची कॉइल भरते. लग्नसराईत ती हळदी-वराती वाजवणाऱ्या गोमादादांच्या बेंजो पार्टीत इलेक्ट्रिक गिटारही वाजवते. पार्टीत बाई ती एकटीच.

यंदाच्या पहिल्याच हळदीत, टोकावड्याला, तिची गिटार ऐकूच येईना. आवाज पातळ, डब्यात कोंडल्यासारखा. दोन गाणी झाली आणि गोमादादा भर मांडवात माइकवरून म्हणाले, "बोटात जोरच नाय गो तुझ्या. ठेव ती गिटार, खुळखुळा घे."

मांडव हसला. ढोलकीवाला भिमासुद्धा मान खाली घालून हसला. रंजितानं खुळखुळा घेतला आणि हळद उरकेपर्यंत तोच वाजवला.

सकाळी तिनं गिटार ओटीवर घेतली. तारा बदलल्या, केबल बदलली, फरक नाही. या गिटारच्या तारांखाली दोन पिकअप आहेत, म्हणजे लोहचुंबकाभोवती केसाएवढ्या तारेचे वेढे, आवाज पकडणारे. एकेक चालू केला तर आवाज भरदार. दोन्ही एकदम लावले की गेला. आणि दोन्ही लावायचा हुकूम गोमादादांचाच, म्हणे आवाज डबल होतो.

तिनं दुकानातला काट्याचा मीटर आणला. तो पहिल्या पिकअपला जोडून त्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि झटक्यात उचलला. काटा उजवीकडे हलला. दुसऱ्यावर तसंच केलं, तर काटा डावीकडे. एकाच्या वायरी उलट्या जोडलेल्या होत्या. एक ढकलत होता, दुसरा ओढत होता, दोघं मिळून आवाज खात होते.

रंजिताच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. दिवाळीत एका पिकअपच्या दोन्ही वायरी सुटल्या तेव्हा ती टाका मारायला बसलीच होती. गोमादादांनी तिच्या हातातून सोल्डरिंगची कांडी काढून घेतली आणि टाका स्वतःच मारला होता. "बायांचं काम नाय हे." रोज दहा मोटारींना टाके मारणाऱ्या बाईला हे सांगितलं होतं त्यांनी.

वायरी फिरवायला पाच मिनिटंही लागली नाहीत. रविवारच्या तालमीला तिनं सगळ्यांसमोर काय झालं होतं ते सांगितलं.

"बरं, झाली ना नीट?" गोमादादा म्हणाले. "वाजव आता."

"नाय वाजवणार. तुमी माइकवर बोलले ना, मग माइकवरच सांगा टाका कोणी उलटा मारला ते."

"एवढ्याशावरनं?"

"वायर बघायच्या आधी तुमी माझी बोटं बघितली, दादा. एवढंसं नाय ते."

भिमा ढोलकी बाजूला ठेवून म्हणाला, "सांगून टाका दादा. परवा हळद हाय."

त्या हळदीला मांडव दुसरा, माणसंही दुसरी. गोमादादांनी माइक घेतला आणि घाईघाईत म्हणाले, "मागच्या वेळी गिटारची वायर उलटी होती. माझ्या हातून." निम्म्या लोकांना काही कळलंच नाही. माफीचा शब्द नव्हताच.

रंजितानं दोन्ही पिकअप चालू केले. राग उतरला नव्हता. पहिल्याच गाण्यात ती दोनदा चुकली, आणि दोन्ही चुका शेवटच्या खुर्चीपर्यंत खणखणीत ऐकू गेल्या.