हलत नाही तो पाऊस नाही

संशयी माणसं एका खोलीत बसवली की किस्से आपोआप साचतात. नव्वदच्या दशकातली एडिनबरातली आमची खोली तशीच होती. लांबच्या एका बेटावरच्या ज्वालामुखीवर किती पाऊस पडतो, ते आम्ही तिथल्या रडारवरून मोजायचो. उतारावरच्या सैल राखेवर जोराचा पाऊस झाला, की दगड-चिखलाचा लोंढा खालच्या गावात शिरतो. बॉस होता गॉर्डन. संशयात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता!

* * *

एकदा इथल्या रडारने आमच्याच शहरावर पाऊस दाखवला. गॉर्डनने खिडकीतून हात बाहेर काढला. चिंब भिजला. "एका हातावरून काही सिद्ध होत नाही," म्हणाला, आणि मलाही हात काढायला लावला!

* * *

लंडनजवळच्या पिनरला राहणाऱ्या आमच्या सासूबाई त्याच्याही वरताण. "अहो, ज्वालामुखी तिकडे, तुम्ही इकडे. मग रोज ऑफिसला जाऊन करता तरी काय?" नंतर हिला किचनमध्ये गाठून हळूच, "जॉब खरंच आहे ना गं?"

* * *

ज्वालामुखीवर पाऊस मोजायचं एक भांडंही ठेवलं होतं. गॉर्डनचा रडारपेक्षा त्याच्यावर जास्त भरवसा. एका वादळात भांड्याने शून्य दाखवलं. "बघ, रडार थापा मारतंय!" मग कळलं, भांड्याचं तोंड राखेने बुजलं होतं. तेव्हापासून तो दोघांवरही संशय घ्यायला लागला.

* * *

रडारला डोंगरही पावसासारखाच दिसतो. म्हणून गॉर्डनचा नियम होता, जे हलत नाही ते डोंगर, पुसून टाका.

एका दुपारी बेटावरून जोसेफचा फोन आला. तो तिथला आमचा माणूस, राहायला नदीकाठच्या गावात. "वर ढग बसलाय. गाव रिकामं करू का?"

आमची स्क्रीन कोरी होती. "पाऊस नाही," गॉर्डन म्हणाला.

मला राहवेना. पुसलेलं सगळं मी परत स्क्रीनवर आणलं. शिखर लालभडक!

"तो डोंगर आहे," गॉर्डन.

"सकाळी एवढा नव्हता! दुपारपर्यंत डोंगर वाढतो का?"

पाऊस शिखरालाच चिकटून बसला होता आणि आम्ही त्याला डोंगर समजून पुसत होतो. गॉर्डनने फोन हिसकावला. "जोसेफ, सगळ्यांना वर ने! आत्ताच्या आत्ता!"

संध्याकाळी टेकडीवरच्या चर्चमधून जोसेफचा फोन आला. "नदीकाठ गेला. माझं घरही गेलं. माणसं मात्र सगळी वर आहेत."

"सगळी? कशावरून?"

जोसेफ एकेक नाव सांगायला लागला. गॉर्डन डोळे मिटून ऐकत होता. नावं संपली.

"पुन्हा सांग," तो म्हणाला.